पर्यावरणशास्त्र आणि वित्त : पीयूसीनंतर बेळगावात राहून दोन्ही कसे शिकावे?

मलप्रभाकाठची (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. मी दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला, विज्ञान शाखेत असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे माझे विषय आहेत. दहावीपर्यंत माझे शिक्षण गावातच मराठी माध्यमात झाले. वडील एका सौहार्द सहकारी संस्थेचे पिग्मी एजंट आहेत, म्हणजे दुकानदारांकडून रोजची छोटी बचत गोळा करतात, आणि संध्याकाळी त्यांनी गोळा करून आणलेल्या रकमेचा वहीशी मेळ घालण्याचे काम गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. ते काम मला आवडते, हे आधीच सांगितलेले बरे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, तेव्हा आमच्या शिवारातील भात पाण्याखाली कुजले. ज्यांचे भात गेले त्यांचे कर्जाचे हप्ते थांबले, दुकानदारांनी रोजची पिग्मी निम्मी केली, आणि त्याबरोबर वडिलांचे कमिशनही घटले. शेतातले पाणी आठवड्याभरात ओसरले. संस्थेची थकबाकी मात्र पुढची दोन वर्षे हटली नाही. मला जे शिकायचे आहे ते या दोन गोष्टींच्या मधले आहे. नदी, पाऊस आणि जमीन यांचे शास्त्र एका बाजूला आणि त्याचा कर्ज, विमा, गुंतवणूक यांच्याशी येणारा हिशेब दुसऱ्या बाजूला.

माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. बेळगावात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी, की सरळ बी.कॉम. करावे? तिसरा मार्ग म्हणजे पर्यावरण आणि वित्त एकत्र शिकवण्याचे आश्वासन देणारी एका खासगी विद्यापीठाची पदवी. तिचे माहितीपत्रक फार सुंदर आहे, परंतु तीन वर्षांचे शुल्क आमच्या घराच्या आवाक्याबाहेरचे असून त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे लागेल. आत्या कोल्हापूरला असल्यामुळे तेथे राहण्याची सोय होऊ शकते. या क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

नमुना_बाटली (बेळगाव)

मी एका पर्यावरण सल्लागार संस्थेत काम करतो. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि फाउंड्र्या (धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने) यांचे पाण्याचे व हवेचे नमुने घेणे आणि त्यांची संमतीपत्रे व अहवाल तयार करणे, हे माझे रोजचे काम. तुमच्या प्रश्नातील विज्ञानाच्या बाजूविषयी लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात ‘पर्यावरण अभ्यास’ नावाचा एक सक्तीचा पेपर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर, आणि पुढे २००३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवून दिलेल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर, तो बी.ए.पासून बी.कॉम.पर्यंत सर्वांना लागू झाला. बी.कॉम.मध्येही पर्यावरण शिकवतात असे कोणी सांगितले, तर ते बहुधा या पेपरविषयी बोलत असतात. तो जागृतीसाठी आहे, त्याला पर्यावरणशास्त्र म्हणत नाहीत.

पर्यावरणशास्त्र म्हणजे काय, हे एका बाटलीवरून सांगतो. नाल्याच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू जितका प्राणवायू वापरतात त्याचे माप, आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवून काढतात. बाटली भरताना आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा बिघडतो. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी या मापाची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. कारखान्याला दंड होणार की नाही, नवे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधावे लागणार की नाही आणि त्यासाठी कर्ज काढावे लागणार की नाही, हे सारे पुढे त्या तीन दिवसांच्या बाटलीवर ठरते. तुम्हाला जे ‘मधले’ शिकायचे आहे ते माझ्या मते येथून सुरू होते, म्हणून बी.एस्सी. करा असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

त्याचे दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. विज्ञानाकडून वित्ताकडे जाता येते, उलट येणे फार अवघड आहे. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला साधारणपणे विज्ञान शाखेचीच पदवी मागतात. भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही बी.कॉम. चालत नाही. तेथे तर आणखी एक बारकावा आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो आणि त्या यादीत ‘पर्यावरणशास्त्र’ हे नाव नाही. त्यामुळे केवळ पर्यावरणशास्त्राची पदवी घेण्यापेक्षा रसायनशास्त्र हा खांब धरून ठेवलेला चांगला.

---

उद्यमबाग_हिशेबनीस (बेळगाव)

वरील सल्ला अभ्यासू आहे, पण मी त्याच्याशी सहमत नाही. मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत हिशेब पाहतो आणि गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर काय बदलले ते सांगतो.

आमचे कास्टिंग एका मोठ्या कंपनीला जाते. पूर्वी त्यांच्याकडून दर, वजन आणि तारीख एवढेच विचारले जाई. आता वर्षातून एकदा एक लांबलचक प्रश्नावली येते, आणि एक टन मालामागे किती वीज लागली, किती कोक जळला, किती वाळू पुन्हा वापरली हे भरून द्यावे लागते. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, त्याची ही शेपटी आमच्यापर्यंत पोहोचली आहे. युरोपने लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर कार्बनचा सीमा-कर लावण्याची तयारी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू केली. तेव्हापासून निर्यात करणाऱ्या बड्या गिऱ्हाइकांना या आकड्यांची जास्तच घाई झाली आहे.

ही प्रश्नावली भरली कोणी? मीच. हेस्कॉम या वीज कंपनीची बारा महिन्यांची बिले काढली, भट्टीच्या मीटरचे युनिट वेगळे केले आणि वितळवलेल्या लोखंडाच्या टनांनी भागले. इंडक्शन भट्टीला टनामागे सुमारे ६०० युनिट लागतात असे धरले आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर केवळ वितळवण्याचे टनामागे ४२० किलो होतात. यात रसायनशास्त्र कोठे आले? हा गुणाकार आहे, आणि बिलांची शिस्त आहे. नवी भट्टी घेतली तर युनिट किती वाचतील, बँकेचे व्याज धरून तिचा खर्च किती वर्षांत वसूल होईल आणि तोवर खेळते भांडवल कोठून आणायचे, या प्रश्नांची उत्तरे मालक माझ्याकडे मागतात. बाटलीवाल्याकडे मागत नाहीत. नमुन्याचा अहवाल चार हजारांत विकत मिळतो, परंतु ताळेबंद वाचता येणारा माणूस विकत मिळत नाही, त्याला पगारावर ठेवावा लागतो. तुम्हाला हिशेब आवडतो असे तुम्हीच लिहिले आहे. बी.कॉम. करा, सोबत सीए किंवा कॉस्टिंग धरा आणि पर्यावरण पुढे कामातून शिका.

---

नमुना_बाटली

हिशेबनीस साहेबांनी बाटलीवाला म्हटल्याचा राग नाही, आमच्याकडे तसेच म्हणतात. मात्र चार हजारांत विकत मिळणाऱ्या अहवालाविषयी एक अनुभव नोंदवतो.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कर्जप्रस्तावाची फाइल माझ्याकडे नजर टाकण्यासाठी आली होती. तिला जोडलेल्या सांडपाण्याच्या अहवालात बीओडी ३१० आणि सीओडी २४० असे छापले होते. सीओडी म्हणजे रासायनिक पद्धतीने पाण्यातील जवळजवळ सगळी सेंद्रिय घाण जाळायला लागणारा प्राणवायू, आणि बीओडी म्हणजे त्यातील जीवाणूंना पचेल तेवढ्याच भागाचा. भाग हा संपूर्णापेक्षा मोठा कसा असेल? आकडे एक तर अदलाबदल झाले होते किंवा टेबलावर बसून लिहिले होते. ती फाइल तोवर तीन हिशेबनिसांच्या हातांतून गेली होती आणि तिघांनीही तिच्यावर बरोबरची खूण केली होती, कारण बेरजा जुळत होत्या.

एवढे रसायन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत येते. आणखी एक सांगतो. केंद्र सरकारने २०२५ मध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले असून नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षकांकडून तपासणी करून घेण्याची व्यवस्था त्यात आहे. त्या कामाला हिशेबाची शिस्त आणि प्रयोगशाळेची समज ही दोन्ही लागतील.

---

खडू_फळा (निवृत्त, वाणिज्य विभाग)

मी तीस वर्षे वाणिज्य शिकवले आहे. प्रश्न विचारणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असल्याने एकेरीत लिहितो, तिने राग मानू नये.

वाणिज्याचा शिक्षक असूनही मी तुला बी.एस्सी.च सुचवेन, पण वित्त पुढे ढकलू नकोस. ते सोबत चालव. त्याला आज वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे एक पदवी नियमित महाविद्यालयातून आणि दुसरी दूरशिक्षणाने घेता येते. बेळगावात नियमित बी.एस्सी. आणि इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. ही जोडी शुल्काच्या दृष्टीने त्या सुंदर माहितीपत्रकाच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी स्वस्त पडेल. मात्र ज्या विद्यापीठात नियमित प्रवेश घेशील त्याने ही मुभा स्वीकारली आहे का, हे कार्यालयात जाऊन लेखी विचारून घे. खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नकोस. दोन पदव्या झेपणार नसतील, तर स्वयम् या केंद्राच्या संकेतस्थळावर हिशेबशास्त्र, वित्तीय व्यवस्थापन आणि पर्यावरणीय अर्थशास्त्र यांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. केवळ परीक्षेचे शुल्क भरावे लागते.

सीएची चिंता हिशेबनिसांनी उगाच घातली आहे. पदवीनंतर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला जाता येते. वाणिज्य पदवीधरांना त्यासाठी ५५ टक्के लागतात आणि इतर शाखांच्या पदवीधरांना ६०, म्हणजे रसायनशास्त्र घेतल्याने ते दार बंद होत नाही, पाच टक्क्यांनी उंच होते एवढेच.

आता कर्नाटक आणि महाराष्ट्र यांतील फरकाविषयी, कारण सीमेवरच्या मुलांची येथे दरवर्षी गफलत होते. कर्नाटकात २०२१ मध्ये आलेली चार वर्षांची पदवी राज्य सरकारने २०२४-२५ पासून मागे घेतली आणि पुन्हा तीन वर्षांची केली. थोरला भाऊ किंवा बहीण चार वर्षांच्या रचनेत शिकली असेल, तर तिच्या वह्या व वेळापत्रक तुला लागू पडणार नाही. महाराष्ट्रात तीन वर्षांनी बाहेर पडण्याची किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेण्याची सोय आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे असून तेथे पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग आहे. तीन वर्षे बेळगावात काढून एम.एस्सी.साठी आत्याकडे जाणे, हा क्रम मला पदवीसाठीच कोल्हापूरला जाण्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. सीमाभागातील ८६५ गावांमधील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद आहे. तुझे गाव त्या यादीत असेल, तर दाखल्याची कागदपत्रे आतापासून जमव, कारण तो दाखला ऐन प्रवेशाच्या आठवड्यात मिळाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

माहितीपत्रकाबद्दल एवढेच सांगतो. मुखपृष्ठावरील पवनचक्क्या पाहू नकोस, तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचे विषय पाहा. तेथे संख्याशास्त्र आहे का, प्रयोगशाळेचे तास किती आहेत, उपग्रह नकाशांचे काम संगणकावर प्रत्यक्ष करून घेतात का, हिशेबशास्त्र आणि कंपनी वित्त हे पूर्ण पेपर आहेत की एखाद्या पेपरातील दोन प्रकरणे? पदवीचे नाव बी.बी.ए. असेल, तर २०२४-२५ पासून असे अभ्यासक्रम चालवणारी महाविद्यालये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आली आहेत, तेव्हा त्या महाविद्यालयाची मान्यता तपासून घे; महाराष्ट्रात तर बी.बी.ए.साठी स्वतंत्र सामाईक प्रवेश परीक्षाही असते. ‘शाश्वत’ हा शब्द प्रत्येक सत्रात आणि रसायनशास्त्र एकाही सत्रात नाही, अशी माहितीपत्रके मी पाहिली आहेत. त्या पदवीसाठी शैक्षणिक कर्ज काढायला मी माझ्या नातीला सांगणार नाही.

---

जामीन_कर्जदार (चिकोडी)

मी सहकारी क्षेत्रात कर्जविभागात काम करतो आणि नोकऱ्यांविषयी जे दिसते ते लिहितो.

आमच्या भागातील सहकारी बँका, सौहार्द संस्था यांच्याकडे ‘हरित वित्त’ नावाचे पद नाही आणि नजीकच्या काळात निघेल असेही वाटत नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून हरित ठेवींची, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी वापरायच्या ठेवींची, चौकट लागू केली ती वाणिज्य बँका आणि ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्यांसाठी आहे. आमच्यासारख्यांना ती लागू नाही. केंद्र सरकारने जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळून १६,००० कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, २०२३ मध्येच कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली, या बातम्या खऱ्या आहेत. परंतु त्यांतून निघणारी कामे मुंबई, बेंगळूरु, पुणे येथे आहेत. त्यासाठी पदवीनंतर पुढचे शिक्षण लागेल. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश परीक्षा देऊन व्यवस्थापन शिकता येते, आणि तेथे विज्ञान व हिशेब दोन्ही आलेल्या मुलीचे पारडे जड राहील.

तरीही येथे काम नाही असे मात्र नाही, त्याचे नाव वेगळे आहे. आमच्या जिल्ह्यात ऊस आणि साखर कारखाने आहेत, आणि इथेनॉलमुळे डिस्टिलरीच्या विस्ताराचे प्रस्ताव येतात. मळीपासून एक लिटर मद्यार्क करताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, निघतो. तो आटवून जाळण्याची यंत्रणा प्रकल्पखर्चाचा मोठा भाग असते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती अडली की कर्जाचा पुढचा टप्पाही अडतो. अशा प्रस्तावातील पाण्याचा ताळा आणि पैशाचा ताळा दोन्ही एकाच वेळी तपासू शकेल असा अधिकारी मी माझ्या नोकरीत अजून पाहिलेला नाही. प्रस्तावाचे एक प्रकरण एकाकडे जाते, दुसरे दुसऱ्याकडे, आणि दोघांचे बोलणे होत नाही.

कृष्णाकाठच्या गावांत पीककर्ज देताना कोणते सर्व्हे नंबर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडाले, ही माहिती तलाठ्यांना आणि जुन्या संचालकांना तोंडपाठ असते, कर्जाच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नसतो. तुम्ही पिग्मीच्या वहीवरून जे पाहिले ते आम्हाला कर्जाच्या वहीत दिसते.

---

मलप्रभाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. बीओडी आणि सीओडीचा किस्सा त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, ‘बेरीज जुळली म्हणजे वही खरी, असे आमचेही मॅनेजर समजतात.’ तिसरा मार्ग आम्ही सोडला आहे. रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र घेऊन बेळगावात बी.एस्सी. आणि दूरशिक्षणाने बी.कॉम., असे ठरत आहे. बसपासवर रोज येऊन-जाऊन करीन.

दोन शंका राहिल्या. दोन्ही परीक्षा एकाच वेळी आल्या तर काय करावे? आणि बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घ्यावे, की वनस्पतिशास्त्रच ठेवावे?

---

खडू_फळा

इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि आपल्या विद्यापीठाची सत्रे त्याच सुमारास संपतात, त्यामुळे आदळआपट होणार हे गृहीत धर. इग्नूमध्ये एखाद्या सत्राचे सगळे पेपर त्याच वेळी दिलेच पाहिजेत असे नसते; जमतील तेवढे द्यावेत आणि उरलेले पुढच्या खेपेला. तुझे बी.कॉम. तीनऐवजी चार वर्षांत पुरे झाले, तर काहीही बिघडत नाही, कारण तोवर तू एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असशील.

संख्याशास्त्राबद्दल माझ्यापेक्षा वरच्या दोघांनी सांगावे.

---

उद्यमबाग_हिशेबनीस

रसायनशास्त्रासोबत संख्याशास्त्र मिळत असेल तर तेच घ्यावे. पुराच्या नोंदी असोत की थकबाकीच्या, दोन्हींना तेच गणित लागते. या एका मुद्द्यावर बाटलीवाल्यांचे आणि माझे एकमत होईल असे वाटते.

---

नमुना_बाटली

एकमत आहे. मात्र प्रत्येक महाविद्यालयात विषयांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि रसायनशास्त्राबरोबर संख्याशास्त्राची जोडी सगळीकडे मिळत नाही. अर्ज भरण्यापूर्वी दोन-तीन महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर त्या जोड्या स्वतः वाचून या, आणि अंतिम वर्षाच्या गुणपत्रिकेवर विषयाचे नाव नेमके काय छापले जाते तेही विचारा. एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेची प्रत पाहायला मिळाली तर उत्तम.